बाणावरचे क्रियापद: पाठ केलेली माहिती जोडून घ्यायची पद्धत

आठवी-नववीच्या वर्गात विचारा, 'सोलापुरात पाऊस कमी का?' अर्धा वर्ग एका सुरात सांगतो, 'पर्जन्यछायेच्या प्रदेशात असल्यामुळे.' उत्तर बरोबर, गुणही मिळतात. लगेच दुसरा प्रश्न टाका: 'मग आपल्याकडे वर्षातला सर्वाधिक पाऊस जुलैत न पडता सप्टेंबरात का पडतो?' इथे वर्ग गप्प होतो. पर्जन्यछाया हा शब्द मुलांना आठवतो, पण कोण कोणाला काय करते हे त्यांनी कधी जोडलेलेच नसते. जुलैत पश्चिमेचा वारा सह्याद्री चढताना पाऊस सांडतो आणि उतरताना कोरडा होतो. सप्टेंबरात हा पश्चिमेचा जोर ओसरू लागतो, बंगालच्या उपसागराकडून आर्द्रता येते, दुपारच्या उन्हात ढग जागच्या जागी चढतात. त्या आर्द्रतेच्या वाटेत सह्याद्री येतच नाही. हे ज्याला सांगता येईल त्याला पर्जन्यछाया समजली.

पाठ केलेले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून ते क्रियापद असलेल्या बाणांनी जोडायची पुढची पद्धत सातवी ते दहावीच्या भूगोल, इतिहास, विज्ञान शिकवणाऱ्यांसाठी आहे. 'सोलापूरचे पाणी आणि पिके' हे एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. त्यासाठी ३५ मिनिटांचे चार तास लागतात, आणि नंतरच्या आठवड्यांत चार-चार मिनिटांच्या उजळण्या.

काय पाठ करायचे, काय नाही

पाठांतराला शिव्या घालण्याची फॅशन आहे, ती बाजूला ठेवा. नवीन गोष्टी माणसाला एका वेळी तीन-चारच मनात धरता येतात. 'नैऋत्य मोसमी वारे कुठून कुठे वाहतात' हेच आठवायला मुलाची सगळी शक्ती गेली, तर जोडणी करायला डोक्यात जागा उरत नाही. म्हणून काही गोष्टी पक्क्या पाठ हव्यातच, पण त्यांची यादी छोटी हवी.

यादी करताना प्रत्येक ओळीला एक प्रश्न विचारा: हे विसरले तर दुसऱ्या कशावरून काढता येईल का? येत असेल तर ते यादीत नको. भीमा नदी, तिच्यावरचे उजनी धरण, वाऱ्याची दिशा, पावसाचे महिने, काळ्या जमिनीत चिकणमाती जास्त असते हे तथ्य, एवढे पाठ हवे. 'सोलापूर जिल्ह्यात रब्बीची ज्वारी महत्त्वाची आहे' हे वाक्य मात्र पाठ करायची गरज नाही. सप्टेंबरचा पाऊस आणि ओल धरणारी जमीन एकत्र आली की ते आपोआप निघते. एका प्रकरणासाठी १० ते १२ शब्द पुरतात. यादी २५ वर गेली तर समजा, निष्कर्षही तथ्यांत मिसळले गेले आहेत.

पहिला तास: चाचपणी

एकाच तथ्यावर तीन प्रश्न काढा. पहिला सरळ, पुस्तकात असतो तसा. दुसरा उलटा: 'एका गावात जूनपेक्षा सप्टेंबरात जास्त पाऊस पडतो आणि डोंगर पश्चिमेला लांब आहे, ते गाव महाड की मोहोळ?' तिसरा परिस्थिती बदलणारा: 'सह्याद्री आपल्या पूर्वेला असता तर?' दहा मिनिटे, लेखी, गुण नाहीत. तोंडी घेतले तर पुढच्या बाकावरचे दोघे उत्तर देतात आणि वर्गाला समजले असा आपला समज होतो. कागद गोळा करून तीन गठ्ठे लावा. सरळ प्रश्न बरोबर आणि बाकीचे दोन कोरे, असा गठ्ठा सर्वांत मोठा निघतो. पुढचे तीन तास मुख्यतः त्या मुलांसाठी. सरळ प्रश्नही चुकलेल्यांना आधी शब्दांची ओळखच करून द्यावी लागेल. त्यांना पुढच्या तासाच्या चिठ्ठ्यांच्या खेळात ढकलले तर ते गप्प बसून बघत राहतात.

राहिलेल्या २५ मिनिटांत प्रकरण नेहमीसारखे शिकवा, नकाशा काढून. इथे नवे काही करायचे नाही.

दुसरा तास: चिठ्ठ्या आणि बाण

ए-फोर कागदाचे आठ तुकडे करा. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजूही चालते. चौघांचा एक गट, गटाला दहा चिठ्ठ्या, खाली वर्तमानपत्राचे एक पूर्ण पान आणि एक स्केचपेन. चिठ्ठ्यांवरचे शब्द असे: सह्याद्री, नैऋत्य मोसमी वारे, घाटावरचा पाऊस, भीमा, उजनी, कालवा, ऊस, सप्टेंबरचा पाऊस, काळी जमीन, रब्बी ज्वारी.

पुस्तके दप्तरात. ही अट सोडू नका. शब्द बाणांनी जोडणाऱ्या अशा संकल्पना-नकाशांची पद्धत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक यांच्या गटाने १९७० च्या दशकात बसवली. पण पुढे २०११ मध्ये कार्पिक आणि ब्लंट या मानसशास्त्राच्या संशोधकांच्या प्रयोगात दिसले, की मजकूर समोर ठेवून नकाशा काढणाऱ्यांपेक्षा मजकूर मिटून आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त येत होते, समज तपासणाऱ्या प्रश्नांतही. पुस्तक उघडे असेल तर नकाशा म्हणजे सजवून केलेली नक्कल होते. आठवणे आणि जोडणे दोन्ही एकदम घडायला हवे.

पाच मिनिटे चिठ्ठ्या पसरून नुसती चर्चा, मग पंधरा मिनिटे बाण. नियम एकच, पण कडक: प्रत्येक बाणावर क्रियापद हवे, आणि चिठ्ठी–बाण–चिठ्ठी मोठ्याने वाचल्यावर पूर्ण वाक्य व्हायला हवे. 'काळी जमीन – धरून ठेवते – सप्टेंबरचा पाऊस' चालेल. 'काळी जमीन – संबंध – ज्वारी' चालणार नाही. फळ्यावर बंदी घातलेले शब्द लिहून ठेवा: संबंध आहे, अवलंबून असते, परिणाम होतो, महत्त्वाचे आहे. या चार शब्दांमागे न समजणे सहज लपते. आपल्या प्रश्नपत्रिकांतली निम्मी 'चांगली' उत्तरे याच शब्दांवर उभी असतात.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या शाळांत बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, अक्कलकोट-दक्षिण सोलापूरकडे कन्नड, काही वस्त्यांत उर्दू. बाणावर काय लिहायचे याची चर्चा त्यांना घरच्या भाषेत करू द्या, लिहायचे मात्र मराठीत. ज्या मुलाला 'धरून ठेवते' हा मराठी शब्द सापडत नाही त्याला कल्पना सुचलेली असू शकते. भाषेसाठी ती अडवू नका.

शेवटची पंधरा मिनिटे गट एकमेकांचे बाण वाचतात. वाचताना वाक्य अडखळले की तो बाण खोडायचा.

या तासात काय काय बिघडते तेही आधीच माहीत असावे.

नकाशा सूर्यासारखा होतो: मध्ये एक शब्द, बाकी सगळे किरण. प्रकरणाचे नाव लिहिलेली चिठ्ठी दिली की हे हमखास घडते, म्हणून 'सोलापूर' किंवा 'पाणी' अशी चिठ्ठी देऊच नका. दुसरा प्रकार आगगाडीचा: एकामागे एक डबे, कुठे फाटा नाही. मुलांनी पुस्तकातल्या क्रमाने चिठ्ठ्या लावलेल्या असतात. अशा गटाला एवढेच सांगा की कोणत्याही एका चिठ्ठीला तीन बाण लागायला हवेत. तिसरा प्रकार म्हणजे एक हुशार मूल सगळे करते आणि तिघे बघतात. यावर उपाय साधा: दर दोन बाणांनी स्केचपेन उजवीकडच्याकडे जाईल, आणि ज्याच्या हातात पेन त्याने दुसऱ्याने सुचवलेले वाक्य आधी आपल्या शब्दांत बोलायचे.

तिसरा तास: क्रियापद उघडा, मग चिठ्ठी काढा

सगळ्यात जास्त काम या तासात होते.

जवळजवळ प्रत्येक गटाने लिहिलेले असते: 'सह्याद्री अडवतो नैऋत्य मोसमी वारे.' पुस्तकी क्रियापद आहे, चूक म्हणता येत नाही. पण विचारा, 'अडवतो म्हणजे नेमके काय करतो?' बहुतेक मुलांच्या डोळ्यांपुढे भिंत असते, ढग तिच्यावर आदळतात आणि फुटतात. प्रत्यक्षात डोंगर हवेला वर चढायला लावतो. वर चढलेली हवा पसरते, थंड होते, बाष्पाचे थेंब होतात, पाऊस घाटावर पडतो. पलीकडे उतरणारी हवा दबते, तापते, आणि उरलेले बाष्प ढग न होता तसेच राहते. म्हणजे 'अडवतो' या एका बाणाच्या पोटात चार बाण होते. विज्ञानाच्या तासाला शिकलेले बाष्पीभवन आणि सांद्रीभवन भूगोलात इथे उपयोगी पडते, आणि ते मुलांनी स्वतः ओळखले तर उत्तम. एका तासात दोन-तीनच क्रियापदे अशी उघडा. सगळी उघडायला गेलात तर वर्ग दमतो.

प्रश्न विचारला की थांबा. विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांत मोजून पाहिले, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एका सेकंदाच्या आसपासच थांबत होते; ही वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरे लांब आणि कारणांसह येऊ लागली. तीन सेकंद ऐकायला थोडे वाटतात, वर्गापुढे उभे राहून ते फार लांब असतात. मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणा.

आता चिठ्ठी काढण्याचा भाग. 'उजनी' ही चिठ्ठी उचला आणि विचारा, कोणते बाण पडले? कालव्याचा पडतो, त्यामागे उसाचा. ज्वारीचा पडत नाही, कारण ती सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. मग 'काळी जमीन' काढा: आता ज्वारी पडते, ऊसही अडचणीत येतो. मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार का म्हणतात आणि सांगोल्याकडच्या हलक्या, मुरमाड रानात ठिबकवर डाळिंब का दिसते, हे दोन्ही या एका कृतीतून मुलेच सांगू लागतात.

मग सर्वांत चांगला प्रश्न: 'सह्याद्री' काढा. पहिल्या झटक्यात मुले म्हणतात, 'मग सोलापुरात भरपूर पाऊस!' त्यांना थोडे पुढे जाऊ द्या आणि उजनीकडे बोट दाखवा. उजनीत पाणी येते कुठून? भीमा उगम पावते भीमाशंकरला; खडकवासला साखळी, पवना, चासकमान अशा पुणे जिल्ह्यातल्या धरणांतून सुटलेले पाणी दौंडवरून उजनीत येते. 'दौंडचा विसर्ग वाढला' ही बातमी घरात सगळ्यांनी ऐकलेली असते. म्हणजे जो डोंगर आपला पाऊस घाटावर उतरवून घेतो, त्याच डोंगराचे पाणी नदी आपल्याकडे आणते. सह्याद्रीच्या चिठ्ठीपासून निघालेले दोन रस्ते, एक कमी पावसाकडे जाणारा आणि एक उसाकडे, नकाशावर एकत्र दिसले की प्रकरणाची गाठ बसली. हा बाण शिक्षकाने काढून दाखवू नये. थांबण्याची तीन सेकंदे इथे तीस झाली तरी चालतील.

चौथा तास: दुसऱ्या विषयात नेऊन पाहा

समज खरी असेल तर ती हलवता येते. उजनीवरच गणिताचा तास घ्या. धरणाची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न घेतले जाणारे तळाचे पाणी, ६३.६६ आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. 'उजनी मायनस २० टक्के' या बातमीचा अर्थ काय? टक्केवारी उपयुक्त साठ्यावर मोजतात, म्हणून ५३.५७ च्या २० टक्के, म्हणजे सुमारे १०.७ टीएमसी पाणी मृतसाठ्यातून उचलले गेले. धरणात अजून सुमारे ५३ टीएमसी आहे. 'शून्य टक्के म्हणजे धरण कोरडे' असे सांगणारी मुले टक्केवारीची उदाहरणे बिनचूक सोडवत असतात. 'कशाचे टक्के?' हा प्रश्न त्यांनी कधी विचारलेला नसतो.

दुसरे उदाहरण रेखावृत्ताचे. 'भारताची प्रमाणवेळ ८२°३०′ पूर्व रेखावृत्तावरून, एका अंशाला ४ मिनिटे' हे सगळ्यांना पाठ असते. सोलापूर सुमारे ७५°५४′ वर आहे. फरक ६°३६′, म्हणजे २६ मिनिटे. मग आपल्याकडे सूर्य माथ्यावर बारा वाजता येत नाही तर कधी येतो? मैदानात एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ रोवा आणि तिच्याभोवती दोरीने वर्तुळ काढा. त्रिज्या अशी घ्या की सकाळी अकराच्या सुमारास सावलीचे टोक वर्तुळाबाहेर असेल. टोक वर्तुळाला आत येताना टेकते ती वेळ लिहा, दुपारी बाहेर जाताना टेकते ती लिहा, आणि दोन्हींचा मध्य काढा. उदाहरणार्थ ११:१५ आणि १:३७ चा मध्य १२:२६. 'सर्वांत लहान सावली कधी' हे थेट मोजायला जाऊ नका. मध्यान्हीच्या आसपास सावली इतकी हळू बदलते की पाच-दहा मिनिटांची चूक सहज होते.

दिवस निवडताना सांभाळा. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेली आहे, त्यामुळे मध्यान्ह वर्षभर पुढेमागे सरकते. एप्रिलच्या मध्याला किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला उत्तर १२:२६ च्या जवळ येते. फेब्रुवारीच्या मध्याला ते १२:४० च्या आसपास आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:१० च्या आसपास येईल. हे माहीत नसलेला शिक्षक 'प्रयोग चुकला' म्हणून गुंडाळतो.

संगणकाच्या तासालाही असे करता येते. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्ड यंत्रावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांतल्या छिद्रांनी ठरते: छिद्र असेल तिथे धागा उचलला जातो, नसेल तिथे नाही. द्विमान पद्धतीचे एक आणि शून्य समजवायला याहून जवळचे उदाहरण आपल्या गावात मिळणार नाही.

इतिहासात एक सावधगिरी

इतिहासाच्या चिठ्ठ्या लावताना मुले 'नंतर' आणि 'मुळे' यांची सरमिसळ करतात. चिठ्ठ्या घ्या: १८६० मध्ये आलेली रेल्वे, १८७७ ची पहिली कापड गिरणी, गिरणी कामगारांच्या वस्त्या, मे १९३० मधली गांधीजींची अटक, सोलापुरातला मार्शल लॉ (लष्करी अंमल), १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात दिलेली फाशी. सनावळी पाठ असल्याने मुले झटकन सरळ रांग लावतात आणि प्रत्येक बाणावर 'त्यामुळे' लिहितात.

दोन रंग द्या. काळा बाण फक्त 'आधी-नंतर' सांगतो. लाल बाण 'हे नसते तर ते झाले नसते किंवा वेगळे झाले असते' असे म्हणायची तयारी असेल तरच. लाल बाण काढणाऱ्याने कारण एका वाक्यात सांगायचे. रेल्वे–गिरणी हा बाण लाल ठरतो, कारण कापूस, यंत्रे आणि तयार माल यांची ने-आण रेल्वेमुळे सोपी झाली. अटक–मार्शल लॉ या बाणावर वाद होऊ द्या: गांधीजींची अटक साऱ्या देशात गाजली, मग मार्शल लॉ सोलापुरातच का? या प्रश्नाने मुलांना कामगार वस्त्यांच्या चिठ्ठीकडे परत यावे लागते. एकट्या अटकेचा लाल बाण अपुरा आहे, हे त्यांचे त्यांना दिसते. इतिहासात लाल बाण काळ्यांपेक्षा कमीच निघतात. उलटे झाले तर कारणे घाईत लिहिली आहेत.

उजळणी

चौथ्या तासानंतर दोन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी: तासाच्या सुरुवातीची चार मिनिटे, कोरा कागद, नकाशा आठवून काढायचा. काळ्या पेनने तीन मिनिटे, मग वही उघडून राहिलेले लाल पेनने. लाल भाग दर वेळी कमी होतो का, एवढेच पाहा. जर्मन मानसशास्त्रज्ञ हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच दाखवले होते की विसरण्याचा मोठा भाग सुरुवातीलाच घडतो. म्हणून पहिली उजळणी चाचणी जवळ येईपर्यंत ढकलू नका.

गुण आणि बोर्डाची भीती

पालकांचा प्रश्न रास्त असतो: परीक्षेत नकाशा काढून गुण मिळत नाहीत. नकाशावरून उत्तर लिहायला शिकवावे लागते, ते आपोआप येत नाही. सोपा हिशोब: तीन गुणांच्या 'कारणे द्या'ला तीन बाण, म्हणजे तीन पूर्ण वाक्ये, बाणांच्या क्रमाने. शेवटच्या वाक्यात प्रश्नातले शब्द परत आणायचे. मुले इथे एक चूक करतात, माहीत असलेले सगळे बाण ओततात. प्रश्नातल्या दोन शब्दांच्या मधल्या वाटेवरचेच बाण घ्यायचे, फाटे सोडून द्यायचे.

उत्तरे तपासताना जॉन बिग्ज आणि केविन कॉलिस या शिक्षण-संशोधकांनी १९८२ मध्ये मांडलेल्या पायऱ्या कामी येतात. प्रश्न: उजनी नसते तर जिल्ह्यातली पिके कशी असती? 'उजनी मोठे धरण आहे': एकच मुद्दा. 'उजनी भीमेवर आहे, ऊस होतो, ज्वारीही होते': मुद्दे अनेक, पण सुटे. 'कालव्याचे पाणी नसते म्हणून ऊस कमी झाला असता. ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते म्हणून तिला फारसा फरक पडला नसता': जोडलेले. याच मुलाने पुढे 'पण जिथे जमीन हलकी आहे तिथे ही ओलही टिकत नाही, तिथे तिसरेच पीक घ्यावे लागते' असे लिहिले तर तो प्रकरणाबाहेर गेला. दुसऱ्या पायरीवरचे उत्तर लांब असते आणि तिसऱ्यापेक्षा भरगच्च दिसते. तपासताना हात तिथेच फसतो.

पन्नास-पंचावन्न वह्या पूर्ण तपासायला वेळ नसतो. प्रत्येक नकाशातले दोनच बाण निवडा, एक पुस्तकात नसलेला आणि एक तुम्हाला शंकास्पद वाटणारा, आणि त्यांच्यापुढे शेरा न लिहिता 'कसे?' एवढेच लिहा. उत्तर मुलाने त्याच पानावर दोन ओळींत द्यायचे.

चिठ्ठ्या फेकू नका. गटागटाच्या पाकिटात ठेवा आणि विज्ञानात बाष्पीभवनाचे प्रकरण आले की 'उजनी', 'काळी जमीन' आणि 'सप्टेंबरचा पाऊस' या तीन जुन्या चिठ्ठ्या नव्या सातांत मिसळा.